लाओलाओला इंग्रजी येत नाही

रघुवीर मोहोळकरांना आयुष्यात बऱ्याच माणसांचा हेवा वाटला होता, पण ती सगळी माणसं त्यांच्यापेक्षा उंच, श्रीमंत किंवा वरच्या हुद्द्यावरची होती. पावणेपाच फुटांच्या चिनी म्हातारीचा हेवा वाटण्याची ही पहिलीच वेळ.

शाळा सुटली की ती त्यांच्या पुढे चालायची. अंगात जांभळं फुगीर जाकीट, एका हातात कांद्याच्या पातीची पिशवी, दुसऱ्या हातात नात. आणि ही नात बोलत असायची. फाटकातून बाहेर पडल्यापासून घराच्या दारापर्यंत, अखंड, चिनी भाषेत. श्वास घ्यायला ती फक्त झेब्रा क्रॉसिंगपाशी थांबायची, तेही आजीने हात ओढला म्हणून. ऐकताना म्हातारी कधी "आं!" करायची, कधी कपाळावर हात मारून घ्यायची, तर कधी इतकी हसायची की पिशवीतली पात लटलटायची.

त्यांच्या मागून मोहोळकर आणि त्यांचा नऊ वर्षांचा नातू विहान.

"हाउ वॉज स्कूल?"

"फाइन."

"व्हॉट डिड यू डू?"

"नथिंग."

"हू डिड यू प्ले विथ?"

"डोन्ट नो. कॅन आय गो अहेड?"

आणि तो पळायचा. पुढे चिनी किलबिल, मागे मोहोळकर आणि केंब्रिजची हवा. हवाही फारसं बोलत नसे.

मोहोळकर महापालिकेच्या अतिक्रमण विभागातून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यापासून ते वर्षातले काही महिने मुलाकडे, परीक्षितकडे काढत. तिकीट स्वस्त असतं तेव्हा बोलावणं येई, म्हणून त्यांनी इंग्लंड फक्त थंडीतच पाहिलं होतं. त्याची त्यांना तक्रार नव्हती. त्यांना एकच हवं होतं : विहानने आपणहून काहीतरी सांगावं. काहीही. गेल्या वर्षीपर्यंत तो निदान डायनोसॉरबद्दल बोलायचा. यंदा डायनोसॉरही नामशेष झाले होते. फेब्रुवारीत परतीचं विमान होतं, आणि पुढच्या वर्षीचा विहान दहाचा असणार होता. दहा वर्षांचा मुलगा आजोबांशी बोलायला लागल्याचं उदाहरण इतिहासात नाही.

एका संध्याकाळी सूनबाई चैत्राली म्हणाली, "बाबा, एक काम कराल? शेजारच्या शिनयीची आई भेटली होती. ते लोक तिआनजिनहून येऊन चार महिने झालेत, पण ती मुलगी शाळेत एक अक्षर बोलत नाहीये. टीचर म्हणते, सुरुवातीला मुलं अशी गप्प असतात. पण आई घाबरलीय. तुम्ही रोज अर्धा तास इंग्लिश शिकवाल?"

"घरी तर मुलगी फार बोलते," मोहोळकर म्हणाले.

"घरी चायनीज बोलते, बाबा. तिच्या लाओलाओला, म्हणजे आजीला, इंग्लिश कुठे येतं!"

"हो का," मोहोळकर म्हणाले. "मग शिकवायलाच पाहिजे."

त्यांचा चेहरा इतका सात्त्विक झाला की चैत्रालीला भरून आलं. पण आतून अतिक्रमण खातं जागं झालं होतं. मोहोळकरांनी नोकरीत एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती. जागा एका दिवसात बळकावली जात नाही. आधी फुटपाथवर एक हातगाडी उभी राहते. तिला चाकं असतात, म्हणून कोणी हरकत घेत नाही. मग पावसासाठी वर पत्रा येतो. मग मागे भिंत, मग विजेचा मीटर, आणि शेवटी मूळ मालकालाच विचारतात, आपण कोण? आपल्या घरात इंग्रजी अशीच शिरली होती. आता शेजारच्या घरासमोर हातगाडी लावायचं काम आपणहून चालून आलं होतं. म्हातारीलाही कळू दे.

पहिल्या दिवशी शिनयी आपल्या घरी जेवणाच्या टेबलाशी ओठ घट्ट मिटून बसली. आई कामावर, आजी स्वयंपाकघरात. साधारणपणे शिक्षक ॲपल आणि बॉलपासून सुरुवात करतात. मोहोळकरांनी विचार केला, इंग्लंडमधलं मूल घरात सफरचंदाबद्दल कितीसं बोलतं? जे रोज लागतं तेच आधी शिकवावं. त्यांनी चारच गोष्टी शिकवल्या : फाइन, नथिंग, डोन्ट नो, कॅन आय गो नाऊ. उच्चार विहानचे, खांदे उडवणंही विहानचंच. शिनयीला खांदे उडवणं आवडलं. तिसऱ्या दिवशी खांदा उडवता उडवता तिच्या तोंडून "नथिंग" निसटलं. स्वयंपाकघरात भांडं पडलं.

पुढच्या आठवड्यात विहान आणि शिनयीच्या वर्गशिक्षिका मिस पामर फाटकापाशी मोहोळकरांना शोधत आल्या. त्यांचे डोळे ओले होते.

"मिस्टर मोहोळकर, तुम्ही जादू केलीत! मी तिला विचारलं, वीकेंडला काय केलंस? ती म्हणाली, नथिंग. वर्गातल्या बाकीच्या मुलांनीही हेच उत्तर दिलं होतं. ती अगदी त्यांच्यातली झाली आहे!"

मोहोळकर नम्रपणे खाली बघत राहिले. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी पावलांचा वेग वाढवला. पुढे म्हातारीने नातीला काहीतरी लांबलचक विचारलं, आणि नातीने खांदे उडवून उत्तर दिलं, "फाइन."

म्हातारी थांबली. मोहोळकरही, बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने. इतका शुद्ध आनंद त्यांना बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

मग म्हातारीने काहीतरी विचारलं. बहुतेक "म्हणजे काय?" असं. शिनयीने डोकं खाजवलं आणि समजावायला लागली. आधी पोट धरून वाकली, मग सरळ होऊन खोटं हसली. मग पडल्याचं नाटक केलं, गुडघा चोळला, पुन्हा हसली. म्हातारीला ते कळलं आणि कुंपणाला टेकून ती हसत सुटली. "फाई-न!" ती म्हणाली. नातीने चूक सुधारली. "फाई-ना!" नातीने पुन्हा सुधारली. घर येईपर्यंत तो एक शब्द पुरला. त्याच्या भोवती चिनी भाषेची किमान दोनशे वाक्यं झाली असतील.

मोहोळकरांनी सोडलेली नाडी तशीच लोंबत राहिली.

त्यानंतर रोज हेच. मुलगी शिकवणीतून जे उचलायची ते रस्त्यात आजीसमोर पसरून बसायची. आणि आजीसाठी न्यायला माल हवा म्हणून ती शिकवणीत जास्त मागायला लागली. "मोअर," ती म्हणायची. मोहोळकरांनी तिला अतिक्रमणाच्या गोष्टी सांगितल्या. टपरी उचलली आणि खालून नाग निघाला, इन्स्पेक्टर पळाले, नाग त्यांच्या जीपमध्ये जाऊन बसला. तिला शब्द कमी पडायचे, म्हणून मोहोळकरांना नाग करावा लागायचा. सत्तराव्या वर्षी ते टेबलाशेजारी फणा काढून डोलायचे. दुसऱ्या दिवशी रस्त्यात जांभळं जाकीट डोलायचं. आणि शिनयीने शाळेत उभं राहून नागाची गोष्ट इंग्रजीत सांगितली. मिस पामर पुन्हा रडल्या.

मोहोळकरांना रात्री झोप लागेना. इंग्रजी त्या घरात शिरली होती, पण पाहुण्यासारखी, चप्पल बाहेर काढून. असं का? विचार करता करता त्यांना त्या बाईचं भांडवल सापडलं. अज्ञान! तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून नातीला सगळं सांगावं लागत होतं. आणि मोहोळकरांना येत होतं. नुसतं येत नव्हतं, त्याचा अभिमान होता. विमानतळावर उतरल्यापासून ते नातवाशी इंग्रजीत बोलत होते, साहेबाच्या देशात आपण कमी नाही हे त्या चिमुरड्याला कळावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंग्रजी विसरायचं ठरवलं.

"विहान, आज काय झालं रे शाळेत?"

"नथिंग."

"म्हणजे काय?"

विहान थांबला. "यू नो व्हॉट इट मीन्स."

"नाही रे बाळा. विसरायला होतं हल्ली."

विहानने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी बंद पडलेल्या एटीएमकडे पाहतं. "काही नाही," तो म्हणाला, आणि पळाला. दोन शब्दच, पण मराठी. मोहोळकरांना वाटलं, आता मार्ग सापडला.

मार्ग भलतीकडेच गेला. विहानने आईला सांगितलं, आजोबांना इंग्लिश कळत नाही आता. चैत्रालीशी मोहोळकर मराठीतच बोलत, आणि शिकवणीच्या वेळी ती ऑफिसात असे, त्यामुळे तिला पडताळा घेण्याचा प्रश्नच नव्हता. ती गूगलवर गेली आणि पांढरी होऊन परतली.

"बाबा, खरं सांगा. तुम्हाला विसरायला होतंय?"

खरं सांगितलं असतं तर मराठीचे दोन शब्दही गेले असते. "थोडंसं," मोहोळकर म्हणाले.

जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळायला इतका वेळ लागला की एखादा निरोगी माणूसही काय विसरलो ते विसरून जावा. जानेवारीत एकदाची ती मिळाली. घरी कोणी नव्हतं, म्हणून शाळेतून विहानलाही परस्पर सोबत घेतलं. आत शिरताच चैत्रालीला ऑफिसचा फोन आला. "दोन मिनिटं हं, बाबा. विहान, डॉक्टर काय म्हणतील ते आजोबांना सांग," असं म्हणून ती कॉरिडॉरमध्ये गेली.

डॉक्टरीणबाई तरुण आणि दयाळू होत्या. सावकाश, मोठ्याने त्यांनी विचारलं, हा कोणता महिना?

मोहोळकरांनी विहानकडे पाहिलं.

"आजोबा, ती विचारते कुठली मंथ आहे."

"पौष."

"पौष," विहानने डॉक्टरांना सांगितलं.

"असा महिना असतो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मला माहीत नाही," विहान प्रामाणिकपणे म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी काळजीने मान हलवली आणि विहानला विचारलं, आजोबा घरी कधीपासून असं करतात?

"ते फक्त माझ्याशी विसरतात," विहान इंग्रजीत म्हणाला. "शिनयीशी रोज बोलतात."

"शिनयी कोण?"

विहानचे कान लाल झाले. तो खुर्चीत वळला आणि डॉक्टरांना कळू नये म्हणून त्याने भाषा बदलली.

"आजोबा, तू खोटा बोलतो! मी बघितलं, तिच्या खिडकीतून. तू तिच्याशी पूर्ण इंग्लिश बोलतो. साप पण होतो! माझ्यासाठी कधी झाला साप?"

"अरे, तू कधी विचारलंस?"

"तू कधी सांगितला? मला फक्त तेच क्वेश्चन विचारतो. रोज सेम! पोलीससारखा!"

"मी विचारतो आणि तू पळून जातोस."

"कारण तू माझ्याकडे बघतच नाही! पूर्ण रस्ता तू पुढे बघतो. तिच्याकडे आणि तिच्या ग्रॅनीकडे! मी एकदा सांगितलं, मी गोल मारली. तू ऐकली नाही. तू म्हणाला, हू डिड यू प्ले विथ." त्याचा आवाज चिरकला. "मी तेच तर सांगत होता!"

डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, काय म्हणतोय तो?

"इट्स प्रायव्हेट," विहान म्हणाला.

मोहोळकर नातवाकडे बघत राहिले. त्याच्या नाकावर ठिपके होते. ते कधी आले हे त्यांना ठाऊक नव्हतं. इतके दिवस जांभळ्या जाकिटावर नजर लावून चालताना शेजारी काय चाललंय याचा पत्ता नव्हता. आपल्यासारखंच आणखी कोणीतरी जळत होतं, आणि तेही आपल्यासाठी. त्यांना लाज वाटली. पण खोटं कशाला बोला, आतून बरंही वाटलं. सत्तरीच्या माणसासाठी कोणी जळत नाही सहसा.

त्यांनी घसा साफ केला आणि उत्तम इंग्रजीत डॉक्टरीणबाईंची माफी मागितली. स्मरणशक्ती ठीक आहे, घरगुती बाब होती, आपला वेळ घेतला. डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे सरकल्या. फोन संपवून आलेल्या चैत्रालीला त्यांनी एवढंच सांगितलं, की अशी केस त्यांनी याआधी पाहिली नव्हती.

बसमध्ये विहान मोहोळकरांच्या शेजारी बसला, पण तोंड खिडकीकडे करून.

"तिला आता शिकवू नको," तो काचेला म्हणाला.

"बघू."

"बघू म्हणजे नाही?"

"बघू म्हणजे बघू."

"हे फेअर नाही! ती माझी आजोबा नाहीये. म्हणजे तू तिची नाहीये. मी पहिले आला! आणि तिला तर आता इंग्लिश येते. क्लासमध्ये सगळ्यात जास्त तीच बोलते! तरी कशाला शिकवतो?"

"गोष्ट अर्धी राहिलीय."

"कुठली गोष्ट? साप जीपमध्ये बसला ती? मग काय झालं?"

"बघू."

"आजोबा!"

पुढच्या सीटवरून चैत्रालीने वळून पाहिलं. "अरे, कशावरून भांडताय दोघं? बाबा, द्या ना तो मागतोय ते."

मोहोळकरांनी डॉक्टरांकडून निघतानाच ठरवून टाकलं होतं, की उद्यापासून दोघांना एकाच टेबलाशी बसवायचं. ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण घर अजून लांब होतं, पोरगं रंगात आलं होतं आणि मराठीत भांडत होतं. मोहोळकरांनी तोंड गंभीर केलं आणि त्याच्याकडे पूर्ण वळून ते म्हणाले, "नाही जमायचं."