भुंडीचं दुसरं करडू

त्या रविवारी वैनीनं भुंडीच्या शेपटीच्या दोन्ही अंगांना बोटं दाबून बघितली आणि निकाल दिला, "अजून चार-आठ दिस तरी ही हलत न्हाय."

भुंडी म्हणजे बिनशिंगाची काळी शेळी. मार्गशीर्ष लागला होता आणि गोठ्यातल्या तिन्ही शेळ्या गाभण होत्या. त्यात हिची कास आधी भरत आली होती. हिची ही पहिलीच खेप. हौसा गोठ्याच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसली होती. कोल्हापुरात मुलींच्या शाळेत ती मास्तरीण होती. शनिवारी दुपारच्या एस.टी.नं कोडोलीला उतरायचं, तिथून मळ्यापर्यंत चालत यायचं आणि रविवारी उन्हं कलली की परत, असा तिचा नेम होता.

"कशावरून कळतं?" तिनं पुस्तकातून डोकं न काढता विचारलं.

"हितं कडक लागतंय. मऊ झालं, खड्डा पडला, की वाळलं गवत हातरायचं. तुझ्या पुस्तकात न्हाय व्हय हे?"

"ह्या पुस्तकात नाही."

"मग कशाला एवढं जाड केलंय त्येला?"

बाहेर दोर वळत बसलेले आण्णा हसले. वैनीनं बोलण्यात कुणाला गाठलं की हौसाचे वडील असेच दूर बसून हसायचे.

भुंडीवर वैनीचा फार जीव होता आणि तिच्या पोटातल्या करडांवर त्याहून. आषाढात शेळी माजावर आली तेव्हा गावात बोकडांचा तोटा नव्हता. पण वैनी तिला दावं लावून चिखला-पावसातून पार पेठ वडगावला घेऊन गेली होती. बोकड निवडताना बोकड बघू नये, त्याची आई बघावी, हे तिचं शास्त्र. वडगावच्या त्या बोकडाची आई म्हणे तांब्याभर दूध देऊन वर करडांना उरवायची.

"बोकड झाला तर त्येला बाजार हायच," वैनी म्हणाली. "पण मादी, पाट झाली तर ती मी कुणाला देत न्हाय. घरची शेळी व्हईल ती. आन मी बांधावर शेवरीच्या पाल्याला गेले असले तर हितनंच हाक मारा मला. लांबनंच सांगा, पाट का बोकड. तेवढं चालत येस्तवर दम निघायचा न्हाय मला."

"मारतो की," आण्णा म्हणाले.

वैनी म्हणजे हौसाची आई. बनाबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा घरात धाकटे दीर होते. ते वैनी म्हणायचे, म्हणून गडीमाणसं म्हणायला लागली, म्हणून शेजारपाजार. आई एकच होती, ती आजी. ती साऱ्या घराची आई. हौसाला वाचा फुटली ती कानावर पडलेलं घेऊनच फुटली. पुढं दीर आपापल्या वाटांनी पांगले, आजीही गेली, पण जिभेवर बसलेली हाक काही जागची हलली नाही. वैनीनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तिला त्याचं काही वाटत होतं की नाही, हेही कधी कळलं नाही.

निघताना वैनीनं भुईमुगाच्या शेंगांची पुरचुंडी हातात ठेवली. बांधापर्यंत आली.

"येत्या आयतवारी येशील न्हवं?"

"येते की."

"ये. करडू बघशील."

एवढंच. हौसानं मागं वळून पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतंच.

बुधवारी दुपारी कृष्णात शाळेच्या फाटकाशी सायकल टेकवून उभा राहिला. कृष्णात शेजारच्या मळ्यातला, धोंडुबाईचा थोरला. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. शिपायानं त्याला मोठ्या बाईंच्या खोलीत आणलं, हौसाला बोलावून घेतलं, आणि तो टोपी हातात धरून म्हणाला, "वैनी गेल्या."

मोठ्या बाईंनी हळहळून विचारलं, "वहिनी? म्हणजे भावाच्या मंडळी का?"

हौसाला भाऊ नव्हता. ती "नाही" म्हणाली. मग "आमच्या घरातल्या" म्हणाली. पुढचा शब्द ती शोधत राहिली. रोज सकाळी पहिलीच्या मुलींकडून ती तोच शब्द फळ्यावर गिरवून घ्यायची. आत्ता तो नेमका कुठं ठेवला ते तिला सापडेना.

"दोन दिवस पुरतील ना रजा?" बाईंनी विचारलं.

हौसानं मान हलवली. एस.टी.त बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण दोन दिवसांना कबूल झालो. आता परत जाऊन सांगायचं तरी काय?

झालं होतं ते इतकंच. वैनी शेवरी कापून आली, भारा टाकला, पाणी मागितलं आणि जोत्यावर बसली. पाणी आणेपर्यंत ती उरली नव्हती.

अंगणात बाया दाटल्या होत्या. धोंडुबाईनं हौसाला दारातच मिठी मारली आणि सूर लावला, "आई गेली की गं तुझी, लेकी!" हौसाला वाटलं, आई तर केव्हाच गेली, आपण ट्रेनिंगला होतो तेव्हा. म्हणजे आज आता कोण गेलं? क्षणभर तिला खरंच कळेना. मग बायांच्या मधून वैनीचे पाय दिसले. टाचांच्या भेगांत अजून माती होती.

लेकीनं हंबरडा फोडायचा असतो. सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या. हौसानं तोंड उघडलं. 'वैनी' म्हणून रडावं तर ते नणंदेचं रडणं वाटत होतं. 'आई' म्हणावं तर आजी डोळ्यांपुढं येत होती. तोंड तसंच मिटलं.

"शिकल्याल्या पोरींचं डोळं कोरडंच," मागं कुणीतरी कुजबुजलं.

"तर काय. पुस्तकं वाचून वाचून वाळलं आसंल पाणी."

हौसाच्या मनात आलं, बाई बोलतेय ते खोटं कुठं आहे? पुस्तकांतल्या परक्या आयांसाठी ती किती वेळा ढसाढसा रडली होती. त्या सगळ्या आया तिला ओळीनं आठवल्या. त्यांत वैनीसारखी एकही नव्हती.

पुढचे दिवस कसे गेले याचा कुणालाच नीट पत्ता लागला नाही. आण्णा सकाळी शेळ्या बाहेर बांधायचे, थोड्या वेळानं आत आणून बांधायचे, आणि पुन्हा बाहेर न्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "ती ह्यास्नी कुठं बांधायची ते ध्यानातच येत न्हाय बघ." शाळेला पत्र पाठवायचं राहून गेलं. भुंडी कधी फळली यावरही मेळ बसेना. आण्णा म्हणत, आषाढी एकादशी झाल्यावर. धोंडुबाई म्हणे, छ्या, एकादशीच्या आदी. हौसा रोज भुंडीच्या शेपटीच्या बाजूला बोटं दाबून बघायची. कडक की मऊ? कालच्यापेक्षा मऊ? काल कसं होतं तेच तिला आठवायचं नाही. भुंडी मात्र बांधाकडं तोंड करून ओरडत असायची, आणि ते ओरडणं वेणांचं की वैनीसाठीचं, हेही कुणी सांगू शकत नव्हतं. कुणाला विचारावं म्हणून हौसा एकदा सवयीनं चुलीपर्यंत गेली आणि रिकाम्या चुलीपुढं जराशी उभी राहून परतली.

दहाव्याच्या दिवशी पुरुष नदीवर गेले. बायांनी घर सारवून काढलं, अंथरूण-पांघरूण धुतलं. आण्णा परतले ते डोकं भादरलेले आणि हातात गोमूत्राचा तांब्या. त्यांनी उंबऱ्यावर शिंपडलं, जात्यावर शिंपडलं, वैनीच्या कोपऱ्यात शिंपडलं, आणि शिंपडत शिंपडत ते गोठ्यात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत म्हणून हौसा बघायला गेली.

भुंडी व्याली होती. एक करडू चाटून पुसून कोरडं झालेलं, चार पायांवर डुलत उभं. दुसरं आण्णांच्या मांडीवर. आण्णांनी ते गोमूत्रानं धुतलं होतं, मग पाण्यानं धुतलं होतं, आणि आता खांद्यावरच्या धुवट पंच्यानं मन लावून पुसत होते.

"आण्णा?"

"सुतकात पडलंय न्हवं ह्ये," आण्णा म्हणाले. "सारं घर शुद्ध झालं. ह्येच तेवढं कशाला ऱ्हावं?"

त्यांनी करडू भुंडीपुढं ठेवलं. भुंडीनं हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि कपाळानं असा धक्का दिला की करडू गव्हाणीला आपटून पडलं. शिंगं असती तर तिथंच संपलं असतं.

धोंडुबाई धावत आली आणि तिनं कपाळावर हात मारला. "आवो भावजी, काय करून ठिवलासा हे! चाटायच्या आदीच धुवून काढलासा? आईचा वास ऱ्हाईला कुठं आता त्येच्या अंगाला? परकं म्हनून ढकलतीया ती!"

आण्णा आळीपाळीनं शेळीकडं आणि करडाकडं बघत राहिले. "व्हय की," ते म्हणाले. "मला ठावं हुतं हे. ठावं हुतं की मला." आणि भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत गोठ्याच्या दारात जाऊन बसले.

धोंडुबाईनं करडाची शेपटी वर करून बघितली. "आन ही पाट हाय," ती हळूच म्हणाली. "बोकड त्यो, त्यो पिऊन बसलाय. ही पाट."

दोघींनी भुंडीला भिंतीशी दाबून धरलं आणि पाटीचं तोंड सडाला लावलं. पाट चोखत राहिली, पण घशाखाली काही उतरेना. भुंडीनं पान्हा चोरला होता. धोंडुबाईनं सड पिळून पाहिला. "दगड झालाय दगड. सांजपातूर पोटात चीक गेला न्हाय तर ही काय ऱ्हात न्हाय, हौसाक्का." तिच्या घरची म्हैस हंबरायला लागली होती. धोंडुबाई तिकडं गेली.

हौसानं पाटीच्या तोंडात बोट घातलं. तोंड गार होतं.

तिला एक गोष्ट आठवली. लहानपणी वैनीच्या मागं उभं राहून पाहिलेली. घरात जाऊन तिनं मूठभर मीठ आणलं. सड पिळून पिळून चार थेंब चीक हातावर आला, तो पाटीच्या पाठीला चोळला, वर मीठ चोळलं. मग तिला पुढं सरकवलं. भुंडीनं हौसाच्या हाताला लाथ मारली आणि दाव्याला हिसका दिला.

"आगं, बोल की तिच्यासंगं," दारातून आण्णा म्हणाले. "तुझी वैनी सारखी बोलायची. मुकं मानूस जवळ आलेलं तिला खपत न्हाय."

"काय बोलू?"

"काय बी बोल. ती काय परीक्षा घेत न्हाय तुझी."

"भुंडे, नीट उभी राहा," हौसा म्हणाली. "हलायचं नाही."

भुंडी भिंतीकडं वळली.

"शाळा न्हवं ही, हौसे."

हौसा शेणामातीत गुडघ्यावर बसली. एक हात भुंडीच्या पोटाखाली, दुसऱ्यात ती निसटणारी पाट. वैनी काय म्हणायची? हजारदा कानावर पडलं होतं. उंबऱ्यावर बसून, पुस्तकात डोकं घालून, न ऐकता ऐकलं होतं. अडलेली शेळी असो की दूध चोरणारी, वैनीचं एकच गाणं चालायचं.

"सोस," हौसा म्हणाली. "सोस गं माझे…" इथं ती अडली. पुढचा शब्द तिला माहीत होता. वैनी तो शेळ्यांना अगदी सहज द्यायची, रोज, येता-जाता. "सोस गं माझे आई. कुनाला चुकलंय. सोस माझे आई, सोस."

आवाज तिचा नव्हता. 'सोस'वर वर चढणारा आणि मग लांबत जाणारा तो हेल वैनीचा होता. दारात आण्णांनी मान वर केली. भुंडीचा एक कान वळला. आवाजानं वळला की मिठाच्या वासानं, कोण जाणे. पण तिची जीभ बाहेर आली आणि पाटीच्या पाठीवरून एकदा फिरली, मग पुन्हा, मग भराभरा. हौसा बोलतच राहिली, शब्द संपले की पहिल्यापासून. तिच्या हाताखाली भुंडीची कास ढिली झाली. पाटीनं ढुशी मारली, घटक्‌ असा आवाज आला, मग दुसरा, आणि तिची चिमुकली शेपटी थरथरायला लागली.

"पितीया?" आण्णांनी विचारलं.

"पितेय."

हौसा हळूच बाजूला झाली. भुंडीनं पाटीला ढकललं नाही. तशीच उभी राहून ती चाटत राहिली.

हात चिकानं आणि मिठानं बरबटले होते. हौसा गोठ्याच्या दारात आली. समोर बांधावर शेवरी उभी होती. अर्ध्यापर्यंत कापलेली, पुढची तशीच. त्या बुधवारपासून तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. आता कुणाला काही सांगायचं राहिलं आहे, असं तिला वाटत होतं. कुणाला, ते आज पहिल्यांदा स्पष्ट होतं. लांबनंच सांगा, ती म्हणाली होती. दम निघायचा न्हाय मला.

"आई!" हौसानं हाक मारली.

हाक बांधावर जाऊन फुटली. शेजारच्या मळ्यात कुणीतरी काम थांबवून बघायला लागलं. तिनं बरबटलेले हात तोंडाशी धरले आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्यानं पुन्हा ओरडली,

"आई! पाट झालीया, आई! पाट झाली!"