बर्फाला घाम फुटेपर्यंत

"मॅडम, तुम्ही तिथे नाही बसायचं. स्टेजवर चला. तुमच्या नावाची खुर्ची आहे तिकडे."

यज्ञेशने हे तिसऱ्यांदा सांगितलं. यज्ञेश म्हणजे आमच्या वॉर्डातला पक्षाचा कार्यकर्ता. निवडणुकीत कुंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, सगळं त्यानेच पाहिलं होतं. कुंदा ऐकत होती आणि उठत नव्हती. मांजर्लीच्या नव्या आरोग्य केंद्राचं उद्घाटन, बाहेर मांडव, मांडवात लाल गालिचा, आणि आरोग्य समितीच्या सभापतीबाई आत लसीकरणाच्या टेबलामागे, नर्सच्या स्टुलावर. बसल्या बसल्या त्यांनी कापसाचे बोळेही करायला घेतले होते.

"अगं ऊठ," मी म्हणालो. "लोक बघतायत."

"बघू देत. नुसतं बसून माझे हात दुखतात हो."

खोटं नव्हतं ते. चौतीस वर्षं ती नर्स होती. मूळची शहाद्याची. लग्न होऊन बेलवलीला आली तेव्हापासून माझ्या आईने तिला शेवटपर्यंत 'वरची' म्हटलं, कारण आमच्या आईच्या हिशेबी खानदेश म्हणजे हिमालयाच्या जरा अलीकडे. पालिकेच्या दवाखान्यात लागली, तिथेच निवृत्त झाली. मधल्या एका पुरात मांजर्लीतल्या एका बाळंतिणीला तिने छातीएवढ्या पाण्यातून शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर नेलं होतं. ते लोकांनी लक्षात ठेवलं. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि पक्षाचे लोक पेढ्यांसकट आमच्या दारात. निवडून आली, आणि महिन्याभरात सभापती झाली.

मी दिनानाथ, तिचा नवरा. मोरिवलीच्या एका रसायन कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो. निवृत्तीनंतर सभापतींचा ड्रायव्हर झालो. गाडी म्हणजे आमची जुनी स्कूटर.

सभापती झाल्यापासून तिच्या पायाला भिंगरीच लागली होती. केबिनमध्ये दहा मिनिटं टिकायची नाही. शिपाई चहा घेऊन यायचा तेव्हा मॅडम कुठल्यातरी दवाखान्याच्या मागे सुयांच्या डब्याला झाकण आहे का बघत असायच्या. घरीही चहा उभ्यानेच. "इतकी वर्षं कोणीतरी सांगायचं आणि मी करायचे," एकदा म्हणाली, "आता मी सांगायचं आणि कोणीतरी करायचं. मधल्या मध्ये माझं काय चाललंय तेच कळत नाही." मी हसण्यावारी नेलं. मला मजा येत होती, खरं सांगतो. भाजीवाला मला 'साहेब' म्हणायला लागला होता.

तिला एकच गोष्ट हवी होती. मांजर्लीतल्या बायकांना बाळाच्या लसीसाठी रेल्वे ओलांडून पलीकडे जावं लागायचं. उन्हात, कडेवर सव्वा महिन्याचं पोर, रिक्षासाठी तिष्ठत. अर्ध्या जणी दुसऱ्या डोसाला यायच्याच नाहीत. प्रचारात तिने दारोदार सांगितलं होतं, "लस तुमच्या गल्लीत आणते." आज तो दिवस होता. तारीख आणि वेळ मात्र आमदारांच्या सोयीने ठरली होती. सकाळी नऊ.

म्हणून सकाळी सात वाजता तिने सुरुचीला फोन केला. सुरुची या केंद्राची नर्स, अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेली, पण कुंदाच्याच हाताखाली तयार झालेली. लस मोठ्या दवाखान्याच्या शीतपेटीत होती. ती डब्यात भरून सुरुचीने इकडे आणायची होती.

"साडेआठला डबा मांजर्लीत पाहिजे."

पलीकडून सुरुची काहीतरी बोलली. कुंदाचा आवाज चढला. "ते मला नको सांगूस. भर आणि नीघ. साहेबांच्या आधी डबा पोचला नाही तर माझी शोभा होईल."

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बघितलंत? मी पण त्यांच्यासारखीच बोलायला लागले." आणि चप्पल घालून जिना उतरायला लागली.

आता साडेनऊ वाजले होते. आमदार यायचे होते. मांडवात एक्केचाळीस बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या, आणि निम्मी लेकरं रडत होती. पुढच्याच खुर्चीवर बनूबाई होत्या, जुन्या गावठाणातल्या. मांडीवर सहा आठवड्यांचा नातू, शेजारी सून.

"सुरुची, पहिली कुपी काढून ठेव," कुंदा म्हणाली. "आमदार आले की लगेच पहिलं बाळ घेऊ."

सुरुचीने डबा उघडला. चारी बाजूंना बर्फाचे चपटे पॅक, मध्ये कुप्यांची पिशवी. कुंदाने सवयीने हात घातला आणि तो तसाच थांबला. तिने एक कुपी काढून खिडकीशी धरली, हलवली. आतलं हललं नाही. दुसरी काढली. ती हलली, पण आत पांढरे कण तरंगायला लागले, नासलेल्या दुधासारखे.

"सुरुची, पॅक बाहेर काढून ठेवले होतेस का?"

सुरुचीने डब्यातला एक पॅक उचलून पाहिला. "नाही मॅडम. फ्रीझरमधून काढले ते डायरेक्ट डब्यात. मी म्हटलं होतं फोनवर, अर्धा-पाऊण तास लागेल म्हणून. तुम्ही म्हणालात, भर आणि नीघ."

मला तेव्हा काही कळलं नव्हतं, ते नंतर तिने समजावलं. डीप फ्रीझरमधला बर्फ इतका कडक गार असतो की तो थेट डब्यात घातला तर त्याला चिकटलेली लसच गोठते. म्हणून पॅक आधी बाहेर मांडून ठेवायचे. त्यांना घाम फुटला, हलवल्यावर आत पाणी वाजलं, की मगच डबा भरायचा. गरम झालेली लस कुपीवरच्या खुणेवरून कळते. गोठलेली त्या खुणेवरून कळत नाही. कुंदाने चौतीस वर्षांत शंभर मुलींना हेच शिकवलं होतं, "बर्फाला घाम फुटेपर्यंत तुम्हाला घाई नाही, मागे कलेक्टर उभा असला तरी."

"काय झालं?" यज्ञेश आत आला. "साहेब स्टेशनपाशी आलेत. पाच मिनिटं."

"लस गोठलीये. पेंटाची, म्हणजे ती पाच रोगांवरची, सगळी. देता येणार नाही."

यज्ञेशने एक कुपी उचलून पाहिली. "ही तर पातळ आहे."

"आता पातळ झालीये. तिच्यात काही राहिलं नाही."

"पण अपाय होतो का?"

"एखाद्याला गाठ येईल. बाकी काही होत नाही, हेच तर वाईट आहे रे. टोचली असं कार्डावर लिहायचं, आई निर्धास्त, आणि पोराच्या अंगात काहीच नाही. घटसर्प आला की तेव्हा कळणार."

यज्ञेश वाईट मुलगा नाही. त्याने आवाज खाली आणला. "मॅडम, प्रॅक्टिकल बोलू? दोनच बाळांना द्या. कॅमेऱ्यापुरतं. पुढच्या हफ्त्यात त्यांना गुपचूप परत देऊ. बाकीच्यांना सांगू, स्टॉक संपला. आणि ते नाही जमत तर सरळ सांगू की नर्सची चूक झाली. नाहीतरी ही कॉन्ट्रॅक्टवर आहे. दुसरी मिळेल."

सुरुची टेबलाची कड धरून उभी होती.

कुंदा हातातल्या कुपीकडे बघत होती. ते अर्धं मिनिट मी विसरणार नाही, कारण त्या अर्ध्या मिनिटात मला मनापासून वाटत होतं की हिने मान हलवावी. मी नवा शर्ट घातला होता. कारखान्यातले चार जुने सोबती माझ्या सांगण्यावरून येऊन बसले होते. आणि मला एक जुनी बॅच आठवत होती. साहेबांना घाई होती, ट्रक गेटवर उभा होता, आणि मी न तपासताच रिपोर्टावर सही केली होती. कुणाचं काही बिघडलं नाही, असं मी आजवर धरून चाललोय. कारण त्या बॅचची पिंपं पुढे कुठे गेली हे मी कधी विचारलंच नाही.

"अगं, दोनच तर आहेत," मी म्हणालो. लाज वाटते, पण म्हणालो.

कुंदाने माझ्याकडे पाहिलं. चिडली की तिची माहेरची बोली वर येते. "आते काय करू मी?" ती पुटपुटली, पण ते मला विचारलेलं नव्हतं. तिने डब्याचं झाकण लावलं, मांडवात गेली आणि माइक घेतला. स्टेजवर चढलीच नाही. बायकांच्या समोर, गालिच्यावरच उभी राहिली.

"बायांनो, आज पेंटाची सुई मिळणार नाही. लस खराब झाली." मांडवात गलका उठला. "थांबा, ऐका. का खराब झाली ते सांगते. ती आणताना अर्धा तास थांबावं लागतं. सिस्टरनी मला ते सांगितलं होतं. मी म्हटलं, थांबू नकोस, साहेब यायचेत. चूक सिस्टरची नाही. माझी आहे. पोलिओचे थेंब चांगले आहेत, ते गोठले तरी चालतात, ते घेऊन जा. सुईसाठी सोमवारी या. मी इथेच असेन."

बनूबाई उठल्या. "सोमवारी? आमी काय रिकाम्या बसलोय? सुनंनं कंपनीत खाडा केलाय आज. तूच आलीस ना गं दारात मतं मागाया? लस गल्लीत आनते म्हनलीस!"

"हो, म्हटलं होतं."

"मंग? सोताच्या तोंडानं सांगतेस खराब झाली. सोमवारची चांगली कशावरून?"

कुंदाने माइक खाली घेतला. मला तिथून तिला घेऊन पळून जावंसं वाटलं.

आमदारांची गाडी आली ती याच गोंधळात. यज्ञेश काचेशी वाकून दोन वाक्यं बोलला. गाडीचं दार उघडलंच नाही. साहेबांना अंबरनाथला दुसरा कार्यक्रम होता म्हणे. एक्केचाळिसांपैकी नऊ जणींनी थेंब घेतले, बाकीच्या उठून गेल्या. माझे कारखान्यातले सोबती चहा पिऊन गेले. फीत दाराला तशीच राहिली, संध्याकाळी मांडववाल्याने सोडून नेली.

कुंदाने त्याच दिवशी पालिकेत लेखी खुलासा दिला. स्वतःच्या नावाने, चार ओळींचा. सुरुचीची नोकरी वाचली. सभापतिपद आठवड्यात गेलं. "मॅडमनी आता जरा आराम करावा, असं वरून आलंय काका," यज्ञेशने मला फोन केला. तिला करायचं धाडस त्याला झालं नाही. सगळी मिळून सव्वीस दिवसांची खुर्ची. भाजीवाला मात्र अजून 'साहेब' म्हणतो. त्याच्यापर्यंत बातमी पोचली नसावी.

सोमवारी केंद्रात चौदा बायका आल्या. कुंदाने यादी काढली. उरल्या सत्तावीस. सुरुचीने मोठ्या डॉक्टरांकडून घरोघर फेरीची परवानगी काढली आणि मंगळवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. डबा कुंदाच्या खांद्यावर. मला देईना. परवापरवापर्यंत सभापती असलेली बाई डबा घेऊन गल्लीबोळांतून फिरते म्हटल्यावर काही दारं कौतुकाने उघडली, काही उघडलीच नाहीत. एका घरातून आवाज आला, "नको, आमी प्रायव्हेटला नेऊ." कुंदा यादीवर खूण करून पुढे गेली. एरवी एका जागी न टिकणारी बाई प्रत्येक बंद दारासमोर मिनिटभर थांबत होती.

बनूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. नातू पाळण्यात. आम्हाला पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"पुना आलीस?"

"आले. अजून सत्तावीसातले बारा राहिलेत."

"मी तवा इचारलं त्याचा जबाब दे पयला. चांगली कशावरून?"

सुरुची समजावायला लागली, "आजी, आज आम्ही पॅक पाऊण तास बाहेर..." कुंदाने तिला हाताने थांबवलं. डबा ओट्यावर ठेवला, उघडला आणि एक कुपी काढून बनूबाईंच्या तळहातावर ठेवली.

"माझ्या सांगण्यावर नका जाऊ. हलवा. उन्हात धरा. खाली कण बसले, तुकडे दिसले, तर मी आले तशी जाईन."

"मना काय कलतंय त्यातलं?"

"तांदळातला खडा कळतो ना? तेवढं पुरे."

बनूबाईंनी सूप बाजूला सारलं. पदराने बोटं पुसली. कुपी कानाशी नेऊन हलवली, मग उन्हात धरली. एक डोळा मिटून बघत राहिल्या. वेळ गेला. शेजारच्या दारातून दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीने हात पुढे केला, "मना दे बगू." कुपी तिच्या हातात गेली, मग तिसरीच्या. माझ्या कारखान्यातल्या कुठल्याही मालाची अशी तपासणी कधी झाली नव्हती, आणि करणारा मीच होतो.

कुंदा उन्हात उभी होती. पदर कमरेला खोचलेला, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं.

शेवटी कुपी बनूबाईंकडे परत आली. त्यांनी ती पुन्हा एकदा हलवली, कुंदाच्या हातात ठेवली, आणि पाळण्याशी जाऊन नातवाच्या मांडीवरचं दुपटं बाजूला केलं.

"टोच," त्या म्हणाल्या. "पन सावकास."