शिवाप्पांनी उभी केलेली बोट

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे, बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका शेडमध्ये मासेमारीची बोट विकायला आहे, ही जाहिरात अहल्याला आधी थट्टाच वाटली. समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासाएवढा लांब. पण तिचं माहेर कारवारचं, आणि धाकटा भाऊ प्रणीत पर्यटकांना खोल पाण्यात गळ टाकायला न्यायचा धंदा मांडत होता. त्याच्यासाठी सहा महिने ती बोट शोधत होती आणि वरून रंग फासलेल्या जुन्या सांगाड्यांना कंटाळली होती.

शेडच्या दारातच ती थबकली. ट्रेलरवर बावीस फुटी पांढरी बोट उभी होती. मधोमध उभ्याने चालवायचं सुकाणू, त्याभोवती सगळीकडे फिरता येईल अशी मोकळी जागा. वीस वर्षं जुनी, पण कडेवरून हात फिरवला तर कुठे अडखळत नव्हता.

"आत या की, ताई," शिवाप्पा म्हणाले. साठीचे, निपाणीकडचे; उभी हयात बसच्या फायबरकामात गेलेली. कुणा हौशी माणसाने ही बोट तळ्यात हिंडवायला गोव्याहून आणली होती. बेत फसला, आणि ती चार वर्षं शेडमागे उन्हात पडून राहिली. शेवटी शिवाप्पांनीच ती त्याच्याकडून घेऊन दुरुस्तीला काढली.

अहल्या थेट मागे गेली. इंजिन टांगतात तिथली फळी तिने ठोकून पाहिली. भरीव आवाज आला.

"आतलं लाकूड बदललंत?"

"सगळं. पार कुजलं होतं. वरून लिंपलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण भर पाण्यात इंजिन निखळलं तर माणसं जातील की."

मग त्यांनी आपणहून सुकाणूखालचं झाकण उघडलं. "इथं चीर होती. आतून चार थर दिलेत. हे घेणाऱ्याला ठाऊक पाहिजे." आत प्रत्येक वायरीवर कन्नडमध्ये लिहिलेली चिठ्ठी होती.

"अण्णा, अशा किती बोटी केल्यात?"

"ही पहिलीच. फायबर येत होतं, बाकीचं विचारत गेलो. चुकलं की उकलायचं, परत करायचं. दोन वर्षं गेली." थोडं थांबून ते म्हणाले, "समुद्र अजून बघितला नाही मी."

अहल्या वडिलांच्या होडीत वाढलेली. किमतीत घासाघीस करायची तयारी ती करून आली होती. ती तिने सोडून दिली.

"बोट घेते," ती म्हणाली. "पण पाण्यात उतरवताना तुम्ही हवेत."

पंधरा दिवसांनी कारवारला भरतीच्या वेळी बोट उतरली. शिवाप्पांनी समुद्राकडे पाहिलं न पाहिलं, आधी आत चढून सगळी झाकणं उघडली. तळ कोरडा होता. खाडीच्या तोंडाशी पहिली मोठी लाट आली, तेव्हा त्यांनी कडा घट्ट धरली. बोट लाटेवर चढली आणि अलगद उतरली.

"या अण्णा, धरा सुकाणू," प्रणीत म्हणाला.

शिवाप्पांनी पँटला हात पुसले आणि ते उभे राहिले.

"बसपेक्षा हलकं आहे की," ते म्हणाले, आणि हसले.

परतल्यावर प्रणीतने त्यांना वाळूत पालथ्या पडलेल्या दोन जुन्या बोटी दाखवल्या. चष्मा लावून शिवाप्पा खाली वाकले, ठोकू लागले, मालक कोण म्हणून विचारू लागले. त्या दिवशीची बंगळूरची बस त्यांची चुकली.