हॉबर्टचा भुंगेरा

माझा भाऊ हॉबर्ट याने उभा जन्म एका भुंगेऱ्यापायी घालवला. वेस्ट व्हर्जिनियात आमच्या घरामागच्या डोंगरात, वरच्या घळीत, कुजक्या ओंडक्यांखाली तो राहतो. काळा, जांभळट झाक असलेला, उडता न येणारा. गोगलगाईच्या शंखात घुसवता यावं म्हणून डोकं अरुंद. जगात त्याची चौकशी करणारा हॉबर्ट एकटाच. बायको मुलीला याच्या पदरात टाकून निघून गेली, ती काही उगाच नाही.

भुंगेरे धरायला जमिनीत पेले पुरायचे, काठ मातीशी सपाट, तळाशी त्यांना बुडवून मारायला व्हिनेगर. कोरडा पेला ठेवायचा नाही, हा हॉबर्टचा कायदा. कोरड्यात पडलेले एकमेकांना खातात आणि हाती नुसते पाय लागतात. त्याची मुलगी लुरा अक्षरं शिकायच्या आधी हे शिकली. म्हणून तर हॉबर्टने आयुष्यभर हाताळले ते सगळे मेलेले.

साखरेने आधी त्याचे डोळे नेले, मग मूत्रपिंडं. डॉक्टरांनीही हात टेकले. तेव्हा अंथरुणातून म्हणाला, "लुरे, एकदा जिवंत भुंगेरा माझ्या हातावर चालव गं. मग मी मरायला मोकळा."

"तुला मरायलासुद्धा किडाच लागतो," मी म्हणाले. तो हसला.

लुरा त्याच दुपारी घळीत जाऊन पेले पुरून आली. दुसऱ्या सकाळी पेले बघून परतली ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच बसली. डबीत भुंगेरा होता, मेलेला.

"आत्या, मी व्हिनेगर ओतलं गं. सवयीने हात गेला. बाकी सगळे पेले रिकामे."

आतून हॉबर्टने विचारलं, "मिळाला का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे पुसले, भुंगेरा नळाखाली धुतला, आत गेली. पाठीला चिमटीत धरून तिने तो बापाच्या तळहातावरून मनगटापर्यंत हळूहळू चालवत नेला. मध्येच थांबवला, वळवला, परत नेला. हॉबर्ट श्वास रोखून पडला होता.

"चपळ आहे हं," तो म्हणाला. "आता सोडून ये त्याला. जिथे धरलास तिथेच."

ती डबी घेऊन डोंगराकडे निघाली. मला रडू आवरेना, म्हणून मी त्याची उशी सारखी करू लागले. हॉबर्टने तळहात नाकाशी नेला.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला. "व्हिनेगर असं धुऊन जातं होय? पण पोरीने चालवला छान."