रिकामी उतरलेली डोली

जुन्नरच्या बाजारपेठेत रिखबचंद शेठची कांद्याची वखार आहे. तिच्या माळ्यावर दोन बांबूंना बांधलेली एक खुर्ची धूळ खात पडली आहे. मित्रांनो, ती मी. मी एक जुनी डोली आहे.

शेठचे गुडघे गेले, तेव्हा सुताराने मला घडवले. सागवानी बैठक, पाठीला गादी. वखारीत पोती उचलणारे येडगावचे गेणू आणि कुंडलिक मला खांद्यावर घेत. "शेठची डोली लई देखणी," असे लोक म्हणत, आणि मी फुलून जाई.

१९९८च्या हिवाळ्यात शेठची नात राखी हिच्या सासरची मंडळी राजस्थानातून आली. त्यांना शिवनेरी दाखवायला सगळे निघाले. पाहुणे पायी, शेठच्या पत्नी पानबाईही पायी. शेठ मात्र माझ्यात बसलेले.

पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. मागे असलेल्या गेणूचा पाय सटकला. गुडघा दगडावर आपटला, पण त्याने बांबू सोडला नाही. मी कलले, शेठची टोपी घरंगळत गेली आणि पाहुणे हसले.

"गिळायला बरं जमतं," शेठ सगळ्यांसमोर गेणूवर कडाडले, "उचलायला जमत नाय?"

गेणूने बांबू पुन्हा खांद्यावर नीट घेतला.

वर पोचल्यावर शेठ तटाशी उभे राहून खालचे शहर दाखवू लागले. हा बाजार, ते पत्रे, ती आपली वखार. पण पाहुणे भलतीकडेच बघत होते. पानबाई हळूच म्हणाल्या, "वखार कुठं पळून जात नाही. आधी मागं बघा."

मागे गेणू धोतराचा सोगा गुडघ्यावर दाबून बसला होता. सोगा लाल झाला होता. शेठची मान खाली गेली. मला तर माझ्या त्या देखणेपणाचीच लाज वाटली.

उतरताना गेणूने पुन्हा बांबूला हात घातला.

"नको," शेठ म्हणाले. "आता तू बस."

"नगा शेठ. मी बसलो तर गावात तोंड दाखवता यायचं न्हाई."

शेवटी कुंडलिकने आणि एका पाहुण्याने मला रिकामीच उतरवले. मागून शेठ गुडघे धरत आणि गेणू लंगडत आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

त्यानंतर शेठ माझ्यात कधी बसले नाहीत. मला माळ्यावर टाकले. उंदरांनी गादी कुरतडली.

पुढे पावसाळ्यात संवत्सरी आली. त्या दिवशी जैन माणसे सगळ्यांची क्षमा मागतात. शेठ दरवर्षी वखारीत हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणत पटापट पुढे सरकत. त्या वर्षी ते गेणूपुढे थांबले. तोंडपाठ शब्द ओठांवर येईनात. सगळे हमाल बघत होते.

"गेणू," ते साध्या मराठीत म्हणाले, "गडावर मी लई वाईट बोललो."

गेणू जमिनीकडे बघत म्हणाला, "गुडघा कवाच बरा झाला शेठ. त्ये बोलनं तेवढं मनात ऱ्हायलं व्हतं."

मित्रांनो, मला माळ्यावरून काढा अगर काढू नका. पण कुणाच्या खांद्यावर बसून उंच गेलात, तर खालचे शहर बघण्याआधी त्या माणसाकडे बघा.