फाटकावरचा पांढरा कोट

"बाह्या जरा लांब आहेत, पण दुमडता येतील," असं म्हणत गिरणीच्या मॅनेजर डनिंग साहेबाने तो पांढरा कोट मामचुनूच्या अंगाला लावून पाहिला. गाईला झूल बसते का ते बघावं, तसा.

डरबनच्या त्या कापडगिरणीत केस पिकेपर्यंत तिने सूत काढलं होतं. सुटीच्या वेळी काळ्या बायकांनी फाटकाशी रांग लावायची, हात वर करायचे, आणि गोऱ्या पहारेकऱ्याने कापड लपवलंय का म्हणून छातीपासून मांड्यांपर्यंत चाचपायचं. हापिसातल्या गोऱ्या बायका शेजारच्या दारातून पर्स हलवत निघून जायच्या.

संपानंतर मालकांनी एक समिती काढली. अध्यक्ष साहेबच, आणि कामगारांची माणसंही त्यांनीच निवडलेली. मामचुनूला घेतलं, म्हातारी आहे, गप्प बसेल म्हणून. पहिल्याच बैठकीत ती झडतीवर बोलली. साहेबाने मान डोलावली. आज न्याय आला होता: झडती चालूच राहणार, फक्त पहारेकऱ्याऐवजी मामचुनूने घ्यायची.

"तुमच्यातलीच बाई. आता तरी तक्रार नाही ना? आणि बसायला खुर्ची," साहेब म्हणाला. स्वतःवरच खूश होता मेला.

नाही म्हटलं की नोकरी जाणार, नोकरी गेली की काळ्यांनी सतत जवळ बाळगायच्या त्या सरकारी पासबुकातली शहरात राहायची परवानगी जाणार, आणि मग डोंगरातल्या त्या उजाड गावी नातवंडांना काय माती चारायची? तिने कोट घातला.

दुपारी बायका मक्याचं पुटू खायला बसल्या, त्या तिच्याकडे पाठ करून. सूतखात्यातली झोद्वा तेवढी बोलली, "मा, हात ऊन करून ये हं. त्या पहारेकऱ्याचे तरी गरम असायचे."

"वाळके, तुझ्या अंगावर लपवायला जागा आहे का गं?" मामचुनू म्हणाली. कुणी हसलं नाही.

संध्याकाळी भोंगा झाला, रांग लागली. तेवढ्यात शेजारच्या दारातून टाइप करणारी पॅटरसन बाई निघाली. मामचुनू खुर्चीवरून उठली आणि तिच्या आडवी उभी राहिली.

"बाई, हात वर करा."

"मला म्हणतेस?"

"झडती घ्यायला बसवलंय मला."

"माझ्या अंगाला हात लावशील तर बघ."

"मला कुठे हौस आहे?" मामचुनू म्हणाली. "पण किळस आली ना तुम्हाला? आली ना? तीच. आम्हाला रोज येते."

पॅटरसन बाई लालबुंद होऊन आत पळाली. डनिंग साहेब आला. ओरडला नाही. पासबुक मागितलं, तिला कामावरून काढल्याचं तिथेच उभ्याने लिहिलं, आणि कोट काढून ठेव म्हणाला. तिने कोट नीट घडी करून खुर्चीवर ठेवला. साहेब आत गेला.

आता झडती घ्यायला कुणीच नव्हतं. फाटक उघडं होतं. रांगेत सगळ्यांत पुढे झोद्वा होती. ती चालत खुर्चीपाशी आली, थांबली, आणि तिचे हात वर गेले.

मामचुनूने तिची मनगटं धरून खाली आणली.

"जा," ती म्हणाली. "खुर्ची रिकामी आहे."

झोद्वा मान खाली घालून बाहेर पडली. तिच्या मागची बाई खुर्चीपाशी आली. तिनेही हात वर केले.