साहेबांची नात

समर्थनगरातल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे यांचं ऑफिस. हे गेल्यावर मी त्या खोलीला कुलूप लावलं. टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवरचा यांचा फोटो एवढंच तिथे ठेवलं. फोटोत काळा कोट, पांढरे बँड आणि चेहरा असा करारी की पाहणाऱ्याने नकळत पदर सावरावा. खरी गोष्ट अशी की गुलमंडीच्या स्टुडिओत फोटो काढला त्या दिवशी यांची दाढ ठणकत होती. पण लोक त्या फोटोकडे पाहून म्हणायचे, सूर्यभानराव नलावडे म्हणजे वाघ.

वाघ कसले, भिडस्त माणूस. पण उंची सहा फूट आणि आवाज घागरीतून आल्यासारखा. बोलायचं काही सुचलं नाही की गप्प बसायचे, आणि पक्षकारांना वाटायचं की साहेब खोल विचारात आहेत. वकिली सुरू केली तेव्हा यांनी एका निवृत्त वकिलाकडून जुना, विटलेला कोट मागून आणला होता. मी नवी नवरी. मला वाईट वाटलं, म्हटलं, नवा शिवा ना. तर म्हणाले, "नव्या कोटाच्या वकिलाकडे कोण फिरकतं? काळा रंग जरा हिरवट पडला की लोकांना वाटतं, याने कोर्ट पाहिलंय."

हे सगळं मला पुन्हा आठवायला लागलं ते सृष्टीमुळे.

ती खोली भाड्याने मागायला आली तेव्हा मला ती कॉलेजची मुलगी वाटली. बुटकी, सावळी, हनुवटीवर गोंदलेला ठिपका. कन्नडच्या घाटाकडच्या एका वाडीतली. वडील कडुबा मेंढरं राखतात, असं तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं, जणू ते आधी सांगून टाकलं की पुढचं सोपं. लॉ कॉलेजला तिला चांगले मार्क होते. दोन वर्षं एका मोठ्या वकिलाच्या ऑफिसात राबली, पण तिथे तिला तारखा घ्यायला आणि झेरॉक्स आणायला पाठवत. कोर्टात उभं राहायची वेळ आली की साहेब दुसऱ्याला पाठवायचे. "पक्षकाराला भरोसा वाटला पाहिजे," असं तिला सांगायचे.

खोली तिने घेतली. जाताना फोटोपाशी थांबून म्हणाली, "आजी, हा काढू नका. राहू द्या."

मला बरंच वाटलं. यांच्या फोटोखाली पुन्हा कोणी कायद्याची पुस्तकं उघडणार होतं.

पाटी रंगवायला फकिरा पेंटर आला. "अॅड. सृष्टी" इतकं लिहून त्याने ब्रश थांबवला आणि आडनाव विचारलं. सृष्टी जरा घुटमळली आणि म्हणाली, "एवढंच राहू द्या." त्याने पुढची जागा तशीच कोरी सोडली. पाटी एका बाजूला झुकल्यासारखी दिसायची.

सकाळी पेपर वाचायला मी त्या खोलीतच बसते, जुनी सवय. त्यामुळे सगळं माझ्यासमोर घडायचं. चिकलठाण्याचा एक गृहस्थ आला. सृष्टीसमोर बसला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "साहेब कधी येणार?"

"मीच वकील आहे. बोला ना."

"अच्छा, अच्छा," म्हणाला. "मी जरा चहा घेऊन येतो." तो चहा त्याचा अजून संपलेला नाही.

एक बाई आल्या, त्यांनी सृष्टीच्या हातात छत्री दिली आणि म्हणाल्या, "बाहेर वाळत घाल गं." सृष्टीने घातली. मग आत येऊन खुर्चीत बसली, तेव्हा त्या बाई उठल्या.

तेव्हापासून ती बंद दाराआड बोलायचा सराव करायला लागली. मला ऐकू यायचं. "तिथं" नाही, "तिथे". "लई" नाही, "खूप". "आपण निश्चिंत राहा." हनुवटीवरच्या ठिपक्यावर पावडर दाबायला लागली. मी तिला यांच्या विटक्या कोटाची गोष्ट सांगितली. तिला धीर यावा म्हणून सांगितली, की बघ, यांनाही सोंग करावंच लागलं होतं. ती हसली आणि म्हणाली, "आजी, साहेबांनी कोट मागून आणला. मला तर अंगावरची कातडीच मागून आणावी लागंल." मग जीभ चावून म्हणाली, "लागेल."

दिवाळीपर्यंत स्वतःच्या नावावर एकही अपील उभं राहिलं नाही तर वकिली सोडायची, असं तिने ठरवलं होतं. बजाजनगरला तिची मैत्रीण मोनाली राहते. तिच्या कंपनीच्या ऑफिसात जागा होती.

दसऱ्याच्या आधी भागूबाई आली.

पन्नाशीची बाई, नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी. दारातच तिने चपला काढल्या, फोटो पाहिला आणि जमिनीला हात लावून नमस्कार केला.

"साहेब गेले व्हय?" ती मला म्हणाली. "आमच्या सासऱ्याची केस साहेबांनीच लढवली व्हती, आईसाहेब. कन्नडहून बैलगाडीनं यायचे. मरंस्तवर म्हणायचे, हरलो, पण वकील काय वकील व्हता."

ती केस मला आठवत होती. हे हरले होते, आणि चूक यांचीच होती. पण हे मी बोलले नाही. कशाला बोलायचं?

भागूबाईचा नवरा वारला होता. दिराने वारसांत तिचं नाव लागूच दिलं नाही. कन्नडच्या कोर्टात निकाल तिच्या विरुद्ध गेला आणि आता अपिलाची मुदत थोडी उरली होती. सृष्टीने कागद चाळले, दोन-चार प्रश्न विचारले. प्रश्न नेमके होते. एवढी वर्षं भिंतीआडून वकिली ऐकलेली मी, मला ते कळत होतं. भागूबाई मात्र उत्तरं फोटोकडे पाहून देत होती.

तेवढ्यात व्हरांड्यात काठी टेकल्याचा आवाज आला. दाराला पातळ पडदा आहे, त्यातून लाल पागोटं दिसलं आणि खांद्यावरची घोंगडी. कडुबा. सृष्टीने खोली घेतली त्या दिवशी तो तिचं सामान घेऊन आला होता, म्हणून मी ओळखलं. न सांगता आला होता. आत कोणी आहे हे पाहून तो बाकड्यावर टेकला आणि हातातला तुपाचा डबा त्याने मांडीवर घेतला. सृष्टीनेही त्याला पाहिलं. ती उठणार, इतक्यात भागूबाई बोलायला लागली.

"खरं सांगू का, माझे सोयरे मला दुसरीकडंच धाडीत व्हते. आमच्यातलीच एक पोरगी वकील झाली म्हणं, इथंच शहरात. तिच्याकडं जा, म्हणले. म्या म्हणलं, काय खुळे का काय तुम्ही? मेंढरामागं हिंडलेल्याची पोर ती. समोरचा वकील कोट झटकून उभा राहिला की बोबडी वळंल तिची. जज तरी तिला कशाला इचारील?"

सृष्टीच्या हातातलं पेन थांबलं.

"आपल्या माणसाला आपणच नावं ठेवू नये, मला कळतं," भागूबाई म्हणाली. "पण बाई, जमीन गेली तर पुन्हा येती का? इथं साहेबांचं घर हाय. पिढीजात अक्कल हाय." मग पुढे वाकून तिने विचारलं, "तुम्ही साहेबांच्या नातच ना?"

सृष्टीने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलू शकले असते. हो म्हणता आलं असतं, नाहीही म्हणता आलं असतं. पण ते उत्तर माझं नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही कधी वाटतं, कधी नाही. मग तिने पडद्याकडे पाहिलं. पडद्यापलीकडे पागोटं जराही हललं नव्हतं.

"हो," सृष्टी म्हणाली. "नात आहे."

भागूबाईने मोठा श्वास सोडला आणि वकीलपत्रावर अंगठा उठवला. एवढा ठाम उठवला की शाई पसरली.

मी चहा आणायला आत गेले. खरं तर मला तिथून उठायचं होतं. परत आले तेव्हा भागूबाई व्हरांड्यात चपला घालत होती आणि कडुबाला न्याहाळत होती. पागोट्यावरून, घोंगडीवरून आपलं माणूस कोणालाही ओळखू येतं.

"कोण्या गावचे, पाव्हणं?"

"घाटाकडचा हाय."

"इकडं कुठं मग?"

कडुबाने डबा बाकड्याखाली सरकवला. "तारीख हाय," तो म्हणाला. "बांधाची भानगड हाय भावकीत."

"ह्याच वकीलबाईकडं?"

"व्हय."

"कशा हायेत? मी आजच केस देली."

"लई चांगल्या," कडुबा म्हणाला. "बिनघोर राहा तुम्ही. साहेबांची नात हाय ती."

सृष्टी दारात येऊन उभी होती.

भागूबाईला बसची घाई नव्हती. मी चहा दिला, ती बाकड्यावर बसून बशीतून घोट घोट पीत राहिली. तिच्यासमोर आता कडुबाला आत बोलावणं भाग होतं. सृष्टीने पडदा बाजूला धरला.

"या," ती म्हणाली. "आत या तुम्ही."

एरवी ती बापाला दादा म्हणते आणि अरे-तुरे करते. तो तिला अगं म्हणतो, फार लाडात आला की म्हातारे म्हणतो.

कडुबा उठला. काठी दाराबाहेर ठेवली. उंबऱ्यात वाकून म्हणाला, "राम राम, वकीलबाई. तुमचं झालं का? नाहीतर बसतो मी, मला घाई नाय."

आत येऊन तो खुर्चीत बसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला, बरोबर यांच्या फोटोखाली. भागूबाई जाईपर्यंत दोघं तशीच होती, एक टेबलाच्या अलीकडे आणि एक पलीकडे. फाटकाची कडी वाजली तेव्हा सृष्टीने तोंड उघडलं.

"दादा, तू कशाला खोटं बोललास?"

"तू बोललीस म्हणून बोललो," तो म्हणाला. "एकटी कशी पडू देऊ तुला?"

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. सृष्टी टेबलावर डोकं टेकून बसली. कडुबाने जवळ जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला, मग काय वाटलं कोण जाणे, हात काढून घेतला. काळा कोट होता, त्यावर घोंगडीची लोकर लागली होती. ती तो एकेक करून वेचायला लागला.

"जेवून जा," मी म्हटलं.

"नको माय. रानात एकटी कारभारीण हाय, मेंढरं आवरायची नाय तिला." मग सृष्टीला म्हणाला, "तूप नवं हाय. आजीला बी दे." आणि जाताना पाटीकडे पाहत उभा राहिला. त्याला वाचता येत नाही. "नाव झाक लिवलंय," म्हणाला.

अपील दाखल झालं. सृष्टी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा मी रिक्षा करून कोर्टात गेले होते. सोंग नव्हतं ते. चांगली बोलली, न अडखळता बोलली, आणि दिराला जमीन विकायला कोर्टाने मनाई केली. भागूबाईने गावभर सांगितलं. दिवाळीनंतर तिच्याच ओळखीने चार माणसं आली, आणि चौघांनीही आधी फोटोला हात जोडले. मोनालीच्या कंपनीतली जागा भरली गेली.

मी एकदा म्हटलं, "सृष्टी, फोटो आत घेऊ का? माझ्या खोलीत लावते."

ती बराच वेळ फाइल बांधत राहिली. "राहू द्या आजी," म्हणाली. "भागूबाईचा निकाल लागू द्या. मग सांगते सगळ्यांना." थोड्या वेळाने म्हणाली, "माझं काम बघून आले असते ना हे पक्षकार? आता तर बघितलंय त्यांनी."

"बघितलंय," मी म्हटलं. पण यांनी हरलेल्या केसचंसुद्धा भागूबाईच्या घरात कौतुक होत होतं, ते मला आठवलं. बघितलेलं कोणाच्या नावावर जमा होतं, ते सांगता येत नाही.

कडुबा अधूनमधून येतो. ऑफिसात कोणी असलं की बाकड्यावर बसतो. सृष्टी पडदा सारून म्हणते, "दादा, आत ये की." हळूच म्हणते. तो मान हलवतो. "आधी आलेल्यांचं होऊ द्या," म्हणतो, बाकीच्यांना ऐकू जाईल असं. नवे पक्षकार त्याच्याशी बोलतात. जुना पक्षकार म्हणून त्याच्याकडून वकीलबाईंची चौकशी करतात, आणि तो प्रत्येकाला तेच सांगतो.

गेल्या तारखेला भागूबाई कोर्टातून थेट इकडे आली. तिची पुढची तारीख लिहून घेतली, पाणी प्याली, आणि निघता निघता दारात थांबली.

"वकीलबाई, त्या घाटाकडच्या बाबाच्या केसचं काय झालं? गरीब माणूस हाय. कधी बघावं तर इथंच बसलेला असतो."

सृष्टीने वर पाहिलं नाही. हनुवटीवरची पावडर घामाने उतरली होती आणि खालचा ठिपका दिसत होता.

"चालू आहे," ती म्हणाली.